अंमल ओसरतो तेव्हा

आमच्या घरात एक प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा विचारला जातो: "गाडी लागली का?" नवख्या पाहुण्याला वाटतं, कुणीतरी गावाला निघालंय. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, नोकरीतली बहुतेक वर्षं कराडच्या स्टँडवर गेली. गाडी आली की रजिस्टरात वेळ टाकायची, फलाट ठरवायचा, माइकवरून पुकारायचं, सुटली की पुन्हा वेळ टाकायची. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी पार्किन्सन्सचं निदान झालं. आणखी पाचेक वर्षांनी गोळ्यांचं गणित बिघडायला लागलं, तेव्हा त्या बिघाडाला नावं द्यायला त्यांनी आपल्या खात्यातलेच शब्द काढले. गोळी घेऊन अंग मोकळं झालं की "गाडी लागली". वेळ टळून गेली तरी अंग हलेना, तर "लेट". गोळी घेतली आणि काहीच घडलं नाही, तर "फेरी रद्द". आणि पुढच्या गोळीला अर्धा-पाऊण तास असतानाच हात जड झाले, आवाज खाली गेला, की "डिझेल संपत आलं".

डॉक्टरांची नावं वेगळी आहेत: ऑन, डिलेड ऑन, नो ऑन, वेअरिंग ऑफ. वस्तू त्याच. ही पुस्तिका मुख्यतः त्यातल्या शेवटच्या वस्तूविषयी आहे.

मराठीत तिच्यासाठी सरळ शब्द आहे. औषधाचा अंमल असतो. तो चढतो, टिकतो, ओसरतो. वेअरिंग ऑफ म्हणजे एका गोळीचा अंमल दुसरीची वेळ होण्याआधीच ओसरणं. ओपीडीत मात्र हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे "पेशंट ऑफ जातात" असं म्हणतात, आणि आई फोनवर सांगते, "गोळी उतरली की तसं होतं त्यांना." मी पुढे तिन्ही शब्द वापरले आहेत, जिथे जो तोंडात आला तो.

गोळ्यांचं गणित बिघडायला लागलं त्या वर्षी दिवाळीत आत्या आली होती. तेव्हा बाबांच्या गोळ्या सात, अकरा, तीन आणि सात अशा असायच्या. सकाळी साडेनऊला ते तिला आणायला सोसायटीच्या फाटकापर्यंत चालत गेले, तिची पिशवीसुद्धा हातात घेतली. पावणेअकराला ते खुर्चीतून उठेनात. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, शब्द ओठांतच राहत होते, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला होता. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला बोलायचा अधिकार आहे. म्हणाली, "अरे, मगाशी तर फाटकापर्यंत आलास की! आता काय झालं? जरा मनानं घे." बाबा काही बोलले नाहीत, कारण बोलता येत नव्हतं. अकराला गोळी घेतली, पावणेबाराला ती लागू झाली आणि साडेबाराला ते ओट्याशी उभे राहून तिच्या आवडीच्या सोलकढीसाठी नारळ फोडत होते. आत्यानं आईकडे पाहिलं. तिच्या दृष्टीनं तिचा मुद्दा सिद्ध झाला होता.

"नाटक" हा शब्द पार्किन्सन्सच्या घरांत उघड बोलला जातो किंवा गिळला जातो, पण असतो. त्याचं कारण लोक दुष्ट असतात हे नव्हे. पक्षाघात झालेला माणूस सकाळी चालून दुपारी लुळा पडत नाही. मोडलेला पाय तासाभरात जुळून पुन्हा मोडत नाही. आजार म्हटला की तो एक तर वाढतो किंवा बरा होतो, ही आपली समजूत. ज्याला दिवसातून चार वेळा भरती-ओहोटी येते, असा आजार आपल्या ओळखीचा नसतो. मग जवळची माणसं आजाराऐवजी आजाऱ्यावर संशय घेतात. मीही घेतलाय. सकाळी स्वतः दाढी करणारे बाबा दुपारी शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं घेतात, तेव्हा तोंडातून "मुद्दाम करताय का?" निघून गेलंय. एकदा नाही.

हे का होतं, ते मला पाण्याच्या टाकीवरून समजलं. पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. नळाला पाणी दोन-तीन तास येतं, पण गच्चीवर टाकी असली की घरातला नळ दिवसभर चालतो. पाणी कधी आलं आणि कधी गेलं, याची खबरही नसते. मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक लहान पट्टा असतो, लॅटिन नावाचा अर्थच "काळा पदार्थ". या पेशी डोपामिन बनवतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सहज, न ठरवता होतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात. डोपामिन गोळीतून देऊन उपयोग नसतो, कारण रक्तातून मेंदूत शिरायला त्याला परवानगी नाही. त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, मात्र आत जातो. सुरुवातीच्या वर्षांत शिल्लक पेशी तो उचलतात, त्याचं डोपामिन करतात, साठवतात आणि लागेल तसं सोडतात. लेव्होडोपा रक्तात फार काळ राहत नाही, साधारण दीड तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. तरीही त्या काळात दिवसाला तीन गोळ्यांवर माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळा असतो, एखादी विसरली तरी फारसं बिघडत नाही. टाकी भरलेली असते.

पुढे पेशी कमी होतात, म्हणजे टाकी लहान होते. मग नळाला पाणी आहे तोवर घरात पाणी. रक्तातला लेव्होडोपा वर गेला की माणूस वर, खाली आला की खाली. गोळी "जुनी झाली", "शरीराला तिची सवय झाली", "कंपनीनं माल बदलला" ही सगळी स्पष्टीकरणं मी ऐकली आहेत आणि काही स्वतः दिली आहेत. गोळी तीच असते आणि तेवढंच काम करते. साठवणारा कमी झालेला असतो.

या औषधाचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्यात आपल्या मातीतल्या दोन वनस्पती आहेत आणि पुष्कळ उलट्या आहेत. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकला या शेंगवर्गातल्या वनस्पतीच्या रोपांतून लेव्होडोपा वेगळा केला. त्यांनी अडीच ग्रॅम स्वतःच गिळून पाहिला, त्यांना जोरदार उलट्या झाल्या आणि या पदार्थात काही राम नाही असं ठरून गेलं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी तोच पदार्थ खाजकुइलीच्या बियांतून, म्हणजे आयुर्वेदातल्या कवचबीजातून, वेगळा केला. पुढची पायरी सर्पगंधेची. तिच्यापासून मिळणारं रेसरपीन दिलं की प्राणी निश्चल होऊन पडतात. १९५७ साली स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी अशा निपचित सशांना लेव्होडोपा टोचला आणि ते थोड्याच वेळात कान टवकारून हिंडायला लागले. २००० सालच्या नोबेल पुरस्काराची सुरुवात त्या सशांपासून आहे. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सनं गेलेल्यांच्या मेंदूंत डोपामिन कमी असल्याचं दाखवलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी डोस अगदी हळूहळू, पण चांगला ग्रॅमच्या मापापर्यंत वाढवत नेला, तेव्हा वर्षानुवर्षं जखडलेली माणसं उठून चालली. उलट्यांचा त्रास कार्बिडोपानं आटोक्यात आणला. तो लेव्होडोपाचं मेंदूबाहेर डोपामिन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते आणि थोड्या औषधात काम भागतं. या जोडगोळीचं अमेरिकेतलं पहिलं नाव सिनेमेट. लॅटिनमध्ये त्याची फोड होते "उलटीविना".

आपल्याकडे बहुतेक घरांत ती सिंडोपा म्हणून येते आणि पट्टीवरच्या आकड्यांनी ओळखली जाते: ११०, १२५, २७५. हे आकडे म्हणजे दोन औषधांची बेरीज आहे. ११० मध्ये लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा १०. १२५ मध्ये लेव्होडोपा तेवढाच, १००, कार्बिडोपा २५. २७५ मध्ये २५० आणि २५. आमच्याकडे ११० ची १२५ झाली तेव्हा "डोस वाढवला" म्हणून आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. मुख्य औषध एका मिलिग्रॅमनंही वाढलेलं नव्हतं.

उत्साहाची पहिली लाट ओसरायच्या आतच डॉक्टरांना दिसलं की काही वर्षांनी औषधाचा असर तुकड्यांत यायला लागतो. १९७६ मध्ये लंडनच्या मार्सडेन आणि पार्क्स यांनी "ऑन-ऑफ" या नावाखाली त्याची तपशीलवार मांडणी केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार लेव्होडोपा सुरू केल्यापासून चार ते सहा वर्षांत सुमारे ४० टक्के लोकांना असे चढउतार जाणवतात. याचा एक वाईट परिणाम असा झाला की लोक गोळी सुरू करायलाच घाबरू लागले. "पाच वर्षंच चालते म्हणे, मग आत्ताच कशाला संपवायची? पुढे लागेल." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की ते कुठल्या तरी शाळेच्या पुस्तकात असावं. औषध म्हणजे जणू मुदत ठेव. यावर २०१४ साली आलेला घाना आणि इटलीतल्या रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास मला निर्णायक वाटतो. घानामध्ये परवडत नाही, मिळत नाही म्हणून अनेकांना औषध उशिरा सुरू झालं होतं. चढउतार त्यांच्यातही आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर आले, फक्त औषध सुरू केल्यावर लवकर आले. म्हणजे गोळी किती वर्षं घेतली यावर ते अवलंबून नव्हतं. आजार किती जुना आणि दिवसाचा डोस किती मोठा, यावर होतं. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ४४५ जणांच्या चाचणीनंही गोळी ४० आठवडे उशिरा सुरू करून पुढे काही पदरात पडतं असं दाखवलं नाही. राखून ठेवलेली वर्षं परत मिळत नाहीत. त्या वर्षांत माणूस कष्टानं चाललेला असतो, एवढंच.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही पुस्तिका लिहायला घेतली, तिच्याकडे येते.

आत्याच्या भेटीनंतर काही महिन्यांनी बाबांना धाप लागायला लागली. छातीत धडधड, कपाळावर घाम, "मला कसंतरी होतंय, मला एकट्याला सोडू नका." हा माणूस स्टँडवर दंगल झाली तेव्हा माइक सोडून हलला नव्हता. आम्ही त्यांना रिक्षात घालून नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. आठवड्यानं पुन्हा तेच, पुन्हा नॉर्मल. गंमत अशी व्हायची की रिपोर्ट येईपर्यंत अकराची गोळी लागू झालेली असायची. त्यामुळे डॉक्टर पडदा सारून आत यायचे तेव्हा बाबा ठणठणीत बसून त्यांना विचारायचे, "चहा मिळेल का हो?" तिसऱ्यांदा दुपारी झालं, तीनच्या थोडं आधी. त्या वेळी आम्ही चपला घालत असताना बाबा थरथरत्या आवाजात म्हणाले, "थांबा. ही गाडी दर वेळी गोळीच्या आधीच येतीये."

त्या रात्री त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले. डावीकडे गोळीची वेळ, मग लागली कधी, उतरली कधी, आणि शेवटी रुंद रकाना: शेरा. दहा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. धाप, घाम, भीती, तिन्ही गोळी उतरण्याच्या अर्ध्या तासात. कंप त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. म्हणजे शरीर हलायला लागायच्या आधी मन हललेलं असायचं, आणि आम्ही कंपाकडे बघत बसलो होतो.

हे आमचंच वैशिष्ट्य नव्हतं. फ्रान्समध्ये चढउतार असलेल्या ५० रुग्णांच्या २००२ सालच्या अभ्यासात प्रत्येकालाच हालचालीशी संबंध नसलेलं किमान एक लक्षण चढउतारासोबत जाणवत होतं, आणि चिंता आणि दरदरून घाम ही दोन निम्म्याहून जास्त जणांत होती. याशिवाय विचार मंदावणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं, उगाच रडू येणं, पोट फुगणं, दर पंधरा मिनिटांनी लघवीला धावणं, खांद्यात किंवा मांडीत दुखणं, एका जागी बसवेना होणं. यातलं एकही लक्षण कपाळावर "पार्किन्सन्स" असं लिहून येत नाही. मग घामासाठी एक डॉक्टर, लघवीसाठी दुसरे, खांद्यासाठी तेल, भीतीसाठी जप. प्रत्येक ठिकाणी लक्षण दाखवलं जातं, वेळ कुणी सांगत नाही. आणि हे लक्षण कुठल्या कपाटातलं ते वेळेवरूनच कळतं. रोज सकाळी सातला दुखणारा आणि गोळीनंतर पाऊण तासानं शांत होणारा खांदा हा केवळ खांद्याचा आजार नसण्याची शक्यता दाट आहे. पहाटे पायाची बोटं आत वळून पोटरीत गोळा येतो, तोही बरेचदा रात्रीच्या शेवटच्या गोळीनंतर गेलेल्या सात-आठ कोरड्या तासांचा असतो.

एक सांगून ठेवते, कारण वाचणारे सगळे घाबरलेले किंवा सगळे निर्धास्त होऊ नयेत. पहिल्यांदा छातीत दुखलं तर दवाखान्यातच जायचं. आम्ही दोनदा रिक्षा केली ती चूक नव्हती. चूक ही की पहिल्या खेपेला घड्याळ पाहिलं नाही.

वहीचा दुसरा उपयोग ओपीडीत होतो. पुण्यामुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे दोन तास थांबून दहा मिनिटं मिळतात, आणि त्या दहा मिनिटांत आपला माणूस नेमका ऑनमध्ये असतो. चांगले कपडे, दाढी, नुकतीच घेतलेली गोळी, वर डॉक्टरांसमोर बसल्याचा उत्साह. "कसे आहात?" "छान!" आईचा त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असतो. आता आम्ही वही पुढे करतो आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: पावणेअकराचे बाबा, दाराच्या उंबऱ्याशी पाय खिळलेले. हा व्हिडिओ त्यांना विचारून काढलेला आहे. सुरुवातीला त्यांनी नकार दिला होता आणि तो बरोबर होता.

वहीनं आम्हाला स्वयंपाकघरातही नेलं. लेव्होडोपा पोटात शोषला जात नाही, त्यापुढच्या लहान आतड्यात शोषला जातो, आणि पार्किन्सन्समध्ये पोट रिकामं व्हायलाच उशीर लागतो. पोटात गोळी अडकून बसली की "लेट". शिवाय लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. प्रथिनं पचून निघणारी अमिनो आम्लं आणि तो आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारानं जातात. गर्दी झाली की लेव्होडोपा रांगेत मागे. आमच्याकडे गोळी वर्षानुवर्षं दुधाबरोबर दिली जायची, कारण "रिकाम्या पोटी औषध देऊ नये" हे आईचं ब्रीद. आता जेवणाआधी अर्धा तास साध्या पाण्याबरोबर. दुपारची मटकीची उसळ रात्रीवर गेली, दुपारी भाकरी आणि भाजी. प्रथिनं तोडायची मात्र नाहीत. वजन आधीच घटत असतं. ज्यांची गोळी अजून दिवसभर पुरते, त्यांनी या भानगडीत पडायचं कारणही नाही. एकादशीचा मात्र एक किस्सा आहे. आईला वाटायचं, उपासाला गोळी चांगली चालते. वहीत पाहिलं तर अर्धंच खरं निघालं. ज्या एकादशीला नुसती फळं होती त्या दिवशी गोळी वीस-पंचवीस मिनिटांत लागली होती. ज्या एकादशीला दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी होती त्या दिवशी शेरा होता: "फेरी रद्द." लोहाच्या गोळीचंही तसंच आहे. लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं, त्यामुळे दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. आणि कोणी कवचबीजाचं चूर्ण घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यात खरा लेव्होडोपा असतो, पण चमच्यात किती आहे हे डबा सांगत नाही. एका बाजूनं गोळ्यांचा हिशेब आणि दुसऱ्या बाजूनं बेहिशेबी चमचा, असं चाललं तर वहीतून काहीच कळत नाही.

उपायांची प्रकरणं पुढे सविस्तर आहेत, म्हणून इथे घाईत. पहिला उपाय बहुधा साधा असतो: तेवढंच औषध कमी अंतरानं, लहान हप्त्यांत. मग लेव्होडोपा किंवा त्याचं झालेलं डोपामिन लवकर संपू न देणारी औषधं: एन्टाकापोन, ज्यानं लघवी नारिंगी होते आणि घरचे घाबरतात, रासाजिलीन, सॅफिनामाइड. मेंदूला डोपामिन असल्याचा भास करून देणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल. त्यांच्यावर असताना घरातला कंजूष माणूस अचानक लॉटरी किंवा ऑनलाइन खरेदीच्या नादी लागला तर स्वभावाला दोष न देता डॉक्टरांना फोन करायचा. अपोमॉर्फिनचं इंजेक्शन, पंप, आणि निवडक लोकांसाठी मेंदूत तारा बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेबद्दल एवढंच इथे म्हणते: कंप सोडला तर ती माणसाला त्याच्या चांगल्यात चांगल्या ऑनपेक्षा सहसा वर नेत नाही, त्या ऑनचे तास वाढवते. हे आधी माहीत असलेली आणि नसलेली घरं नंतर एकाच निकालावर हसतात आणि रडतात. स्वतःच्या मनानं गोळी वाढवायचीही नाही आणि अचानक बंद तर मुळीच करायची नाही. एकदम थांबवल्यानं तापासह जीवघेणा ताठरपणा येऊ शकतो. जास्त झाली की उलटी बाजू दिसते, अंग आपोआप झुलायला लागतं. पाहुण्यांना तोच आजार वाटतो, आणि रुग्णाला विचारलं तर बरेच जण सांगतात की जखडण्यापेक्षा झुललेलं परवडलं.

एक प्रकरण दवाखान्यात भरती होण्यावर आहे. ते मी सर्वांत आधी लिहिलं, रागात. गेल्या वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तोपर्यंत गोळ्या साडेसहा, दहा, दीड, पाच आणि साडेआठ अशा झाल्या होत्या. भरती होताना पिशवीतली सगळी औषधं वॉर्डात जमा करून घेतली, नियम म्हणून. वॉर्डाची औषधांची फेरी आठ, दोन आणि आठला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दहाची गोळी दहाला आली नाही. मी काउंटरवर तीनदा गेले. "मॅडम, राउंडला देऊ ना." साडेअकरापर्यंत त्यांना पाण्याचा घोट गिळता येईना. बाराला फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, त्यांना उठवायचा प्रयत्न केला आणि फाइलमध्ये लिहून गेली की पेशंट सहकार्य करत नाही. आत्याचंच वाक्य, इंग्रजीत. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शनही येऊ घातलं होतं, जे डोपामिनलाच अडवतं. ते मी ट्रेमधली बाटली वाचली म्हणून थांबलं. चक्करेसाठी सर्रास दिली जाणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन त्याच माळेतली. गोळी शेवटी दुपारी एकच्या सुमारास मिळाली. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके ही संस्था रुग्णालयांकडे अनेक वर्षं एकच मागणी लावून धरते आहे: ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत गोळी द्या. ती मागणी आपल्याकडे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं कशी लिहून घ्यायची, याचा नमुना त्या प्रकरणाच्या शेवटी आहे. फाडून नेता येईल असाच छापला आहे.

यातलं पुष्कळ आम्ही एकमेकांकडून शिकलो. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा बैठकांत पहिल्यांदा गेलं की एक गोष्ट चकित करते. गप्पा रंगात असताना कुणीतरी मध्येच गप्प होतं, शेजारचा माणूस न बोलता पाण्याची बाटली पुढे करतो, आणि बाकीचे गप्पा चालू ठेवतात. अर्ध्या तासानं तो गप्प झालेला माणूस आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. आत्याला मी एकदा तिथे नेलं होतं. येताना रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तो मला त्या दिवशी सांगू का शकला नाही, ते आत्ता कळलं." आता ती फोन करते तेव्हा आधी विचारते, गाडी लागलीय का, की नंतर करू?

प्रस्तावनेचा हा मजकूर मी बाबांना साडेअकराला वाचून दाखवला, म्हणजे ते पूर्ण ऑनमध्ये असताना. त्यांनी सगळं ऐकलं, दंगलीचा उल्लेख काढायला सांगितला (मी काढलेला नाही), आणि दवाखान्याच्या परिच्छेदाशी थांबवलं. उठून कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली, पान शोधलं.

"सुमारास काय लिहितेस? एक वीसला मिळाली."